वाटण व मसाला : साठवणीच्या इतिहासाचीं कांहीं साधनें

जुन्या दप्तरांचे रुमाल सोडतांना सनदा, महजर, वतनपत्रें यांच्या सोबतीनें कधीं कधीं एखादें चिटोरें हातीं येतें. त्याच्या माथ्यावर 'मसाल्याची याद' एवढेंच लिहिलेलें असून खालीं धणे, जिरें, दगडफूल, मिरच्या, खोबरें अशा जिनसा व त्यांचीं मापें मांडलेलीं असतात. तिथि नाहीं, नांव नाहीं, शिक्का नाहीं. संग्राहक तें बाजूस टाकतात, आणि एकाच वतनाच्या तंट्याची तिसरी नक्कल मात्र जपून ठेवतात. जुन्या चोपड्यांच्या शेवटच्या कोऱ्या पानांवरही अशा यादी असतात. चोपड्या रद्दींत जातात तेव्हां त्याही जातात. या उपेक्षित कागदांचा कैवार घेण्याचें प्रस्तुत लेखांत आम्हीं योजिलें आहे. तो जुनें तें सोनें एवढ्याच न्यायानें नव्हे. कालवणाचा आधार जो मसाला, तो घरीं करून किती दिवस टिकतो, कसा टिकवावा, आणि तयार घ्यावा लागला तर त्यांत काय उणें पडतें, हा प्रश्न आजच्या गृहिणीपुढें आहे तसाच तो पूर्वीं राजाच्या कोठारापुढेंही होता. त्याचीं उत्तरें कशीं बदलत गेलीं हें सांगणारा जवळचा पुरावा या यादींत आहे.

प्रथम शब्दांचा निकाल लावला पाहिजे. आज आपण 'मसाला' या एकाच शब्दानें दोन भिन्न वस्तु दर्शवितों. एक, पाट्यावर पाणी घालून वाटलेला ओला गोळा. दुसरी, उखळांत कांडलेली कोरडी पूड. पहिल्यास घरांतील बायका अजूनही 'वाटण' म्हणतात आणि त्याच बरोबर आहेत. अमरकोशाच्या वैश्यवर्गांत वेसवार व उपस्कर हे पर्याय दिले आहेत. आम्हीं पुष्कळ वर्षें मुलांकडून हा वर्ग घोकवून घेतला. 'वेसवार म्हणजे मसाला' असें सांगितलें कीं मुलांचें समाधान होई. परंतु सुश्रुतसंहितेंतील वेसवार म्हणजे हाडें काढून कुटलेलें व मसाल्याच्या द्रव्यांसह शिजविलेलें मांस होय, हें पाहिलें म्हणजे कोशांतील पर्यायावर सर्वस्वीं विसंबतां येत नाहीं हें कळतें. या विषयांत खरा उपयोगी पडणारा भेद वैद्यकांत आहे. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फाण्ट या पांच कषायकल्पनांपैकीं कल्क म्हणजे ओलें वाटलेलें द्रव्य; आणि चूर्ण म्हणजे वाळलेल्या द्रव्याची वस्त्रगाळ पूड. वाटण हा कल्क आहे, मसाला हें चूर्ण आहे. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर उभें आहे.

शार्ङ्गधरसंहितेच्या पूर्वखंडांत औषधांच्या मुदती सांगितल्या आहेत. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होतें. गुटिका व लेह एक वर्षानंतर. आसव मात्र जुने तितके चांगले. कल्काची मुदत तेथें दिलेली नाहीं. ती द्यावयाचें कारणच नव्हतें, कारण तो त्या वेळीं वाटून त्या वेळींच वापरावयाचा. ज्यांत पाणी आहे तें टिकत नाहीं. ज्यांतून पाणी गेलें तें कांहीं काळ टिकतें. ज्यास पाक, तूप वा आंबवण यांचें कवच मिळालें तें अधिक टिकतें. वैद्यानें घातलेला हा क्रम स्वयंपाकघरासही जसाच्या तसा लागू पडतो.

राजकोठाराची पद्धत याहून निराळी व अधिक सावध होती. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणीं कटुकवर्ग दिला आहे. त्यांत पिंपळी, मिरें, आलें, जिरें, पांढरी मोहरी, धणे इत्यादि द्रव्यें येतात. पूड किंवा मिश्रण एकही नाहीं. साठ्याचा अर्धा भाग आपत्तीसाठीं राखावा, अर्धा वापरावा, आणि नव्या मालानें जुना माल बदलीत जावा, असा तेथील दंडक आहे. आजही शहाणी गृहिणी डबा भरतांना जुना मसाला वर काढून नवा तळाशीं घालते. अखंड धण्याचें वास धरून ठेवणारें तेल त्याच्या सालीच्या आंत बंद असतें, तें कांडल्याबरोबर मोकळें होऊन उडूं लागतें. म्हणून अखंड द्रव्य साठविणें ही सर्वांत जुनी व सर्वांत निर्धोक साठवण होय. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासांत, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, अन्नभोगाच्या प्रकरणीं हिंगाचें पाणी, सैंधव, मिरपूड, हळद, आलें, जिरें हीं द्रव्यें पदार्थागणिक व पायरीपायरीनें पडतात. ज्याच्या दाराशीं वाटणारे हात हवे तितके आहेत त्यास साठवणीची विवंचना नसते. राजाच्या मुदपाकखान्यावरून सामान्य घरांतील रीत ठरवूं नये, एवढा इशारा येथें पुरे.

मग मिश्र केलेला, प्रमाणबद्ध, साठविलेला मसाला कोठून आला? आमच्या मतें त्याचें बीज वैद्याच्या पुडींत आहे. सुंठ, मिरें व पिंपळी मिळून त्रिकटु. दालचिनी, वेलदोडा व तमालपत्र मिळून त्रिजात. त्यांत नागकेशर घातलें कीं चातुर्जात. आपल्या गोड्या मसाल्यांतील धणे, जिरें, तीळ, खोबरें व दगडफूल वगळून पाहिलें तर लवंगेशेजारीं चातुर्जातच्या चारही जिनसा बहुधा सांपडतात. वैद्याची पुडी व गृहिणीचा डबा यांचें हें नातें केवळ नांवाचें नाहीं. ठराविक द्रव्यें ठराविक प्रमाणांत आधींच मिळवून ठेवावीं ही कल्पनाच मुळांत एक आहे. 'मसाला' हा शब्द मात्र अरबीहून फारसीमार्गें आलेला. त्याचा मूळ अर्थ कामास लागणारें साहित्य असा आहे, आणि म्हणूनच हिंदुस्थानींत भिंतीच्या चुन्यासही तो शब्द लावतात.

मिरचीनें या व्यवस्थेंत मोठी उलथापालथ केली. ती अमेरिकेंतली. पोर्तुगीज इ. स. १४९८ मध्यें कालिकतास आले व १५१० मध्यें त्यांनीं गोवें घेतलें. त्यानंतरच्या काळांत ती पश्चिम किनाऱ्यावरून आंत पसरली. तिचें नांवही आपण मिऱ्यावरूनच पाडलें. मिरें बाहेरून विकत घ्यावें लागे. मिरची परसांत होते, उन्हांत वाळते व वर्षभर राहते. तिखटपणा इतका स्वस्त झाला तेव्हांच सामान्य शेतकऱ्याच्या घरीं वर्षाचा मसाला एकदम कांडून ठेवणें शक्य झालें असें आम्हांस वाटतें. रघुनाथ गणेश नवहस्त यांच्या भोजनकुतूहल या ग्रंथाचा काल कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं इ. स. १६७५ ते १७०० असा ठरविला आहे. संस्कृत ग्रंथ असूनही पदार्थांचीं मराठी नांवें तो देतो, त्यामुळें या संक्रमणाच्या अभ्यासास तो फार महत्त्वाचा आहे. पाकक्रियेचीं मराठी छापील पुस्तकें त्यानंतर पुष्कळ उशिरां निघालीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें सूपशास्त्र १८७५ सालचें. मधल्या काळासाठीं आपल्याजवळ ज्या यादी आहेत त्याच आहेत.

वर्षाच्या साठवणीचा नमुना म्हणून कोल्हापूर-सातारा भागांतील कांदा-लसूण मसाला घेण्यासारखा आहे, कारण त्यांत वाटणाच्या जिनसा मसाल्यांत कशा नेल्या हें उघड दिसतें. कांदा व लसूण दोन्ही ओलीं. नियमाप्रमाणें तीं पाट्यावरचीं. पण येथें कांदा पातळ चिरून कडक उन्हांत कुरकुरीत होईपर्यंत वाळवितात व मग तेलांत तांबूस तळतात. खोबरें, तीळ, धणे भाजतात. मिरच्या वाळवून देंठ काढतात. मीठ खड्याचें घेतात. चैत्र-वैशाखांत, पहिला पाऊस पडण्यापूर्वीं, हें सर्व उखळांत किंवा डंखांत कांडून चिनी मातीच्या बरणींत दाबून भरतात, मध्यें हिंगाचे खडे ठेवतात आणि तोंडास दादरा बांधतात. बरणींत ओला चमचा घालणाऱ्या सुनेस जें ऐकून घ्यावें लागे त्याची नोंद कोणत्याही दप्तरांत नाहीं, परंतु या सर्व शास्त्राचें मर्म त्या एका बोलण्यांत आहे. उन्हानें पाणी काढलें, तेलानें उरलेलें काढलें, मिठानें राहिलेंसाहिलें बांधून ठेवलें. आतां बाहेरून पाणी येऊं द्यावयाचें नाहीं.

शार्ङ्गधराचे दोन महिने आणि कोल्हापूरचें एक वर्ष यांचा मेळ कसा घालावा? आम्हांस यांत विरोध दिसत नाहीं. वैद्य वीर्याची मुदत सांगतो, गृहिणी नासण्याची. मसाला वर्षभर नासत नाहीं हें खरें, पण दिवाळीनंतर त्याचा वास मंदावतो व फाल्गुनांत दीड चमचा घालावा लागतो, हें कोणतीही जुनी स्वयंपाकीण सांगेल. तिखटपणा टिकतो, रंग थोडा उतरतो, सुगंध सर्वांत आधीं जातो. आणि तेलकट खोबऱ्याचा अंश अधिक असेल तर खवटपणा सर्वांत आधीं येतो. म्हणून ज्या यादींत खोबरें पुष्कळ आहे ती सहसा थोड्या दिवसांच्या मसाल्याची समजावी.

पाणी न काढतांही वाटण टिकविण्याची एक युक्ति आपल्याच किनाऱ्यावर आहे. गोव्यांतील ख्रिस्ती घरांत रेशाद मसाला करतात. लाल मिरच्या, जिरें, मिरें, लसूण, हळद हीं सर्व पाण्याचा थेंब न घालतां माडाच्या सुरेपासून केलेल्या शिरक्यांत वाटतात. हा शुद्ध कल्क आहे. तरी तो बरणींत आठवडेच्या आठवडे राहतो, आणि बांगडा आणला कीं पोट चिरून त्यांत भरला जातो. पोर्तुगीज शब्दाचा अर्थच 'भरलेला' असा आहे. येथें पाण्याचें काम आंबटानें केलें. कांजी व शुक्त यांच्या रूपानें हें तत्त्व आपल्या वैद्यकासही परिचित होतें; वाटणास तें लावणें हें गोव्यांतील पोर्तुगीज संबंधाचें फळ.

याच गोव्यांत १५६३ सालीं गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधीविषयक संवादग्रंथ छापला गेला. नारळाच्या प्रकरणांत 'कारील' या कालवणाचा त्यानें उल्लेख केला आहे, आणि तें नारळापासून होतें असें सांगितलें आहे. म्हणजे युरोपीय वाचकास हा शब्द प्रथम भेटला तो ओल्या, नारळाच्या वाटणाच्या पदार्थाचें नांव म्हणून. पुढें काय झालें पहा. १७४७ सालीं लंडनांत निघालेल्या हॅना ग्लास या बाईच्या पाकपुस्तकांत हिंदी पद्धतीची 'करी' आहे. तींत मसाला म्हणून धणे व मिरें एवढेंच, आणि धणे भाजावयाचे ते स्वच्छ केलेल्या लोखंडी फावड्यावर! वाटण नाहीं, नारळ नाहीं. १७८४ मध्यें तेथील पिकॅडिली रस्त्यावरील सॉर्लीच्या दुकानाची करीच्या तयार पुडीची जाहिरात वृत्तपत्रांत आली. तें दुकान किराण्याचें नसून सुगंधी द्रव्यांचें होतें, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. सहा महिन्यांचा समुद्रप्रवास ओल्या वाटणास सोसणारा नव्हता. जहाजांतून गेलें तें फक्त चूर्ण, आणि ज्यांनीं फक्त चूर्ण पाहिलें त्यांनीं त्यासच सर्वस्व मानलें. 'करी पावडर' ही अशी अर्धी वस्तु आहे. तिची निंदा करण्याचा आपल्याकडे प्रघात पडला आहे. पण दोष पुडीचा नाहीं, ती पूड वाटणाच्या जागीं योजिली यांत आहे. मद्रासेंत राहिलेला कर्नल केनी-हर्बर्ट यानें 'वायव्हर्न' या टोपणनांवानें १८७८ सालीं लिहिलेल्या पुस्तकांत पूड व ओला गोळा या दोहोंचा विचार केला आहे, तो यामुळेंच वाचनीय झाला आहे.

आपल्याकडील तयार मसाल्याचा व्यापार हा त्या विलायती पुडीचा वंशज नव्हे. तो शहरांतील अपुऱ्या जागेंतून निघाला. चाळींतल्या खोलींत उखळ बसत नाहीं, गच्चीवर ऊन वांटून घ्यावें लागतें. मुंबईस गिरगांवांत १९१० सालीं निघालेली बेडेकरांची पेढी व पुण्यास १९६२ सालीं निघालेला प्रवीण मसालेवाले यांचा उद्योग, यांनीं विकला तो घरांतलाच गोडा मसाला, घरांतलेंच मेतकूट. एक गोष्ट मात्र बदलली. अखंड धणे हातांत घेऊन पारखतां येतात. पूड पारखतां येत नाहीं. म्हणून १९३७ चा शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा, १९५४ चा भेसळविरोधी कायदा व त्याची जागा घेणारा २००६ चा अन्नसुरक्षेचा कायदा यांच्या कक्षेंत मसाल्याची पूड यावी हें साहजिकच होतें. घरच्या बरणीस कायद्याची गरज नव्हती, कारण तेथें कांडणारी व खाणारी एकच होती.

ओल्या वाटणाचा तयार पर्याय फार उशिरां आला. बाटलींतील वाटणांत तेल, मीठ व आंबट द्रव्य हीं तिन्ही भरपूर असतात. आंबटपणा मोजण्याचें जें सामू नांवाचें मान आहे तें ४.६ च्या खालीं ठेवलें म्हणजे हवाबंद बरणींत उपजणाऱ्या घातक विषाच्या जंतूंची वाढ होत नाहीं. रेशाद मसाल्याचेंच हें मोजून केलेलें रूप. ज्यांना असें वाटण वापरावें लागतें त्यांनीं चिंच व मीठ निम्म्यानें घालून आधीं चव पहावी. नुसत्या तेलावर विसंबणें मात्र धोक्याचें आहे. कॅनडांतील व्हँकूव्हर येथें १९८५ सालीं तेलांत बुडविलेल्या चिरलेल्या लसणीपासून, ती थंडींत न ठेवल्यामुळें, अनेकांस या विषाची बाधा झाली. तेल हवा अडवितें, लसणींतलें पाणी काढीत नाहीं. उन्हांत वाळवून मग तळण्याचा जुना क्रम निरर्थक नव्हता. याउपर घरीं वाटलेलें ओलें वाटण शीतकपाटांत तीन-चार दिवस ठेवावें. अधिक ठेवणें असेल तर एका वेळेपुरते गोळे करून शून्याखालीं १८ अंशांवर गोठवावे, व एकदां वितळलेला गोळा पुन्हा गोठवूं नये. संपूर्ण कालवणच पिशवींत बंद करून दाबाखालीं उष्णतेनें निर्जंतुक करण्याचा प्रकार जपानांत १९६८ सालीं बाजारांत आला, आणि तो पदार्थ करीच होता. आपल्याकडे म्हैसूरच्या संरक्षण अन्नसंशोधन प्रयोगशाळेनें, जी १९६१ मध्यें स्थापन झाली, सैन्याकरितां याच पद्धतीवर काम केलें व मग ती कारखानदारांच्या हातीं दिली. आपत्तीसाठीं अर्धा साठा राखणाऱ्या कोठाराची येथें आठवण होते.

आतां पुन्हा त्या चिटोऱ्यांकडे वळूं. याद हातीं आली कीं तींत मिरची आहे का हें प्रथम पहावें; असेल तर सोळाव्या शतकाच्या अलीकडची हें निश्चित झालें. मोडींत मिरीं व मिरच्या यांची गल्लत होऊं नये म्हणून शेजारच्या वजनाशीं ताडून पहावें. मिरीं तोळ्यांनीं लिहिलेलीं असतील, मिरच्या शेरांनीं. नंतर ओल्या जिनसा पहाव्या. आलें, कोथिंबीर, ओला नारळ असेल तर ती एका दिवसाच्या वाटणाची, बहुधा एखाद्या कार्याच्या पंक्तीची याद. आलें असावें तेथें सुंठ व नारळ असावा तेथें सुकें खोबरें असेल तर साठवणीची. शेर कोणता, हा प्रश्न सर्वांत अवघड. वजनी पक्का शेर ८० तोळ्यांचा. मापी शेर निराळा, चार शेरांची पायली हा हिशेब त्याचा. धणे मापानें व मिरच्या वजनानें अशी सरमिसळ एकाच यादींत असूं शकते, आणि १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आल्यापासून हा फरक सांगूं शकणारीं माणसें झपाट्यानें कमी झालीं आहेत. ज्या घरांतून याद आली तेथील वृद्ध स्त्रीस तो आजच विचारून कागदाच्या पाठीमागें नव्हे, तर वेगळ्या चिठीवर, टिपून ठेवावा.

अशा कागदांवर तेलाचे डाग असतातच. ते काढण्याचा प्रयत्न करूं नये, पण तो कागद इतर कागदांस चिकटवूनही ठेवूं नये. खालीं-वर कोरा कागद घालून निराळा बांधावा, नाहीं तर त्याचें तेल शेजारच्या सनदेंत उतरतें.